घर नंबर एकशे सत्तेचाळीस

लीड्सला कालव्याकाठी एक जुनी लोकरीची गिरणी आहे,
तिच्या तिसऱ्या मजल्यावर माझी दहा आठवड्यांची इंटर्नशिप.
काम: पाणी.
म्हणजे पाण्याचे आकडे. मलावीतल्या चार गावांतून
आलेले फॉर्म धुऊन, निथळून
तक्त्यात वाळत घालायचे.
याला इथे डेटा साफ करणं म्हणतात.
आईला फोनवर म्हटलं, साफसफाईचं काम मिळालंय.
ती म्हणाली, असू दे, कामाची कसली लाज.

बेसिनला दोन नळ: एक पोळणारा, एक बर्फाचा.
मधलं पाणी या देशात मिळत नाही,
ते ज्याचं त्याने ओंजळीत करायचं.

रकाने असे:
पाणी कुठून. कोण आणतं. तिचं वय.
संडास आहे, नाही, आहे पण वापरत नाहीत.
या शेवटच्या उत्तरापाशी मी जरा रेंगाळले.
आमच्या संडासात चार वर्षं कांदे होते.
फोटो काढायला माणूस आला त्या सकाळी
बाबांनी गोण्या बाहेर ओढल्या, केस विंचरले,
आणि दाराशी उभे राहिले, नवरदेवासारखे.

मग रकाना नऊ: जाऊन-येऊन किती मिनिटं.
तीस. तीस. तीस. पंचवीस. तीस. तीस.
चार गावं, अकरा विहिरी,
आणि सगळ्या बायांची चाल एकाच मापाची!

मी ओळखते या तीसला.
मनमाडला आमच्या ओट्याशी एक मुलगी आली होती,
गळ्यात ओळखपत्र, हातात फळी.
काकू, पाण्याला किती वेळ लागतो?
आई राखेने कळशी घासत होती.
म्हणाली, लागतो की जरासा.
मुलीने 'जरासा' लिहायला चौकट शोधली,
नव्हती.
तिने लिहिलेला आकडा मी तिच्या खांद्यावरून वाचला.
सातवीत होते. वाचता येत होतं. गप्प राहिले.

घर नंबर एकशे सत्तेचाळीस: दोनशे पंचावन्न.

हेलन ऑकरॉइड, माझी वरिष्ठ, भली बाई,
शुक्रवारी घरचा आल्याचा केक आणते,
चष्मा कपाळावर सारून म्हणाली,
पंचवीस असेल, एक पाच जास्तीचा पडलाय.
बाकीच्यांपासून फार लांब आहे हा आकडा. काढून टाक.
लांबच आहे, मी म्हटलं,
आणि दिवसभर तो काढला नाही.

तिकडे फॉर्म भरत होता रॉरी, माझ्याच वर्गातला,
उन्हाने नाक सोललेला. त्याला विचारलं.
तिसऱ्या दिवशी उत्तर आलं:

'आकडा बरोबर आहे. मी घड्याळ लावून तिच्या मागे चाललो.
येताना म्हटलं, बादली मी घेतो. ती हसली, दिली.
पन्नास पावलांत अर्धी सांडली.
मागे फिरलो. रांगेत पुन्हा शेवटून पहिले.
त्यातली सत्तर मिनिटं माझी आहेत.
धरायची की नाही, तू ठरव.'

खिडकीखालून एक होडी चालली होती, अगदी सावकाश,
छपरावर कुंड्या, सायकल, झोपलेला कुत्रा.
एवढं पाणी, आणि त्याला कुणी उचलत नव्हतं.

मी एकशे पंच्याऐंशी लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात, जिथे कुणीच काही लिहीत नाही,
लिहिलं: अधिक सत्तर मिनिटं, मदतीची.
हेलनने वाचलं. चष्मा पुसला. राहू दिलं.

रात्री आईला विचारलं, तेव्हा खरंच किती वेळ लागायचा गं?
कोण विचारतंय?
मीच.
ती थोडा वेळ बोलली नाही. मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला.
मोजत बसले असते, ती म्हणाली,
तर पाणी कधी आणलं असतं?
आणि मग, तू जेवलीस का.